उसवलेली सीट

ब्रेक इतका करकचून लागला की मागून येणारी धूळ गाडीला ओलांडून पुढे निघून गेली.

रस्त्याच्या मधोमध तिचा दादा बसला होता. दोन्ही हात कानांवर, कपाळ गुडघ्यांत. खाणीत सुरुंग उडवण्याआधीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता, आणि भोंगा वाजला की दादा असेल तिथे असाच बसायचा. एरवी घरात बसायचा. आज तिचा डोळा चुकवून बाहेर पडला आणि वस्तीच्या अलीकडच्या वळणावर सापडला. ती धावत पोचली तेव्हा त्या पांढऱ्या गाडीचं तोंड दादापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं होतं.

आता ड्रायव्हर उतरणार आणि आईबहिणीचा उद्धार करणार... तिनं ऐकून घ्यायची तयारी केली. ड्रायव्हर उतरला खरा, पण एक शब्द न बोलता दादाशेजारी रस्त्यावर मांडी ठोकून बसला.

"हॉर्न का नाही वाजवलात?" तिनं धापा टाकत विचारलं. घाबरलं की तिला नेहमी समोरच्याचाच राग यायचा.

"ज्यानं आधीच कान झाकलेत, त्याला हॉर्न कशाला ऐकवायचा?" त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "किती वेळ बसतात?"

"कधी थोडा वेळ... कधी ऊन उतरेपर्यंत."

"बसू दे. सकाळपासून गाडी चालवतोय, माझीही पाठ मोडलीय. तुम्ही पण बसा की. रस्ता काय नुसता गाड्यांचा नाही."

आणि ती चक्क हसली. हसल्यावर तिलाच दचकायला झालं, कारण त्या घरात बरेच महिने कुणी हसलं नव्हतं.

दादा पूर्वी याच खाणीत भोंगा वाजवायचा. भोंगा वाजवायचा, सगळे बाहेर आले की हात वर करायचा, आणि मग सुरुंग उडायचा. त्या दिवशी त्यानं हात वर केला, आणि नेमका त्याचा जोडीदार विसरलेला डबा आणायला पुन्हा आत शिरला. दादाची चूक होती असं कुणीही म्हणालं नाही. पण जोडीदार मात्र तेव्हापासून दादाला हाका मारतो. जेवताना मारतो, झोपेत मारतो. 'हात खाली घे' म्हणतो.

वस्तीत सांगितलं होतं की स्फोटात दादाचा कान गेला. कान गेलेल्या माणसासाठी लोक हळहळतात आणि डोकं फिरलेल्याला दगड मारतात, हे आईचं गणित साधं होतं आणि दुर्दैवानं बरोबरही होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून दाराला आतून कडी, खिडकीला जाड पडदा, आणि त्या पडद्याआड तिचं शिलाई मशीन. वस्तीभरच्या पँटी आणि परकर तिच्या हातून जायचे, पण गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेरूनच परत जायचं.

मनाच्या आजारांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी होती ती; तिच्या मागच्या दारातून चष्मा लावलेल्या डॉक्टरबाई उतरल्या. त्यांनी दादाशी बोलायचा प्रयत्न केला, तिच्याशी बोलल्या, गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, "दर पंधरवड्याला आम्ही येणार. गोळ्या न्यायच्या आणि ह्यांनाही घेऊन यायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलंस, तर सगळं पहिल्यापासून."

"ह्याला घेऊन? वस्तीसमोरून?" तिनं वळून वस्तीकडे पाहिलं. "बाई, लोक ह्या गाडीला डोक्याची गाडी म्हणतात. तिच्यापाशी दादा दिसला, की संपलं..."

तेव्हा ड्रायव्हरची नजर तिच्या बोटांवर गेली. सुईनं टोचून टोचून भोकं पडलेली बोटं.

"शिवता का तुम्ही?"

"मग? मासे धरते?"

"नाही, म्हटलं आमच्या गाडीची सीट उसवलीय. पेशंट बसला की स्पंज बाहेर येतो. रेक्झिनचं काम आहे, सीट काढून न्यावी लागेल... जड असते हो सीट. उचलायला भाऊ लागेल बरोबर."

तिला समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा तसा साधाच होता. डोळे मात्र सारखे रस्त्याकडे वळत होते, बोलताना, हसतानासुद्धा, जणू तिथून कुणीतरी यायचं राहिलं होतं.

रुग्णांच्या गाडीच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, म्हणून वस्ती त्याला पायलट म्हणे. गाडी उभी राहायची खाणीचे ट्रक तोलायच्या, आता बंद पडलेल्या वजनकाट्यामागे, आणि तिच्याकडे रिकाम्या हातानं कुणीही जात नसे. हा वस्तीचा न ठरवता ठरलेला नियम होता. कुणाच्या हातात तेलाची रिकामी बरणी, कुणाच्या हातात काडी मोडलेली छत्री, कुणी एकच चप्पल घेऊन निघालेला. वाटेत कुणी विचारलंच, तर उत्तर हवं ना! डॉक्टरबाई म्हणायच्या, माझ्या दारात पेशंट कमी आणि भंगार जास्त येतं.

तिच्या हातात सीट होती. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दादा. वस्तीच्या भर रस्त्यातून उजळ माथ्यानं. सीट गाडीत बसवायची आणि ती बसवायला दादा आत गेला, की डॉक्टरबाई हळूच दार ओढून घ्यायच्या. बाहेर ती आणि पायलट उरायचे.

"टेलरबाई, शिवण पक्की घातलीत ना?"

"माझी शिवण उसवत नाही."

पण त्याच खेपेला दुसऱ्या बाजूची सीट उसवलेली. पुढच्या खेपेला पुन्हा पहिलीच. तिनं रेक्झिन बोटांनी ताणून, उजेडात धरून पाहिलं.

"ही शिवण ताणून नाही गेलेली. कुणीतरी ब्लेड लावलंय."

"उंदीर असेल."

"उंदराच्या हातात ब्लेड?"

"शिकलेला उंदीर... हल्ली शिकलेल्यांनाच काम नसतं."

"त्या उंदराला म्हणावं, निदान कापताना सरळ काप. शिवणारणीचा जीव जातो."

"सांगतो. पण उंदराचे हात थरथरतात म्हणे, टेलरबाईंची आठवण आली की."

तिनं सीटमध्ये तोंड खुपसलं आणि सुई शोधायचं नाटक केलं. सुई तिच्या पदराला टोचलेली होती. पायलटनं ती पाहिली आणि मुकाट्यानं रस्त्याकडे बघत राहिला... ओठ मात्र हसत होते.

वस्तीच्या तोंडात तीळ भिजत नाही. बायका तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणू लागल्या, सीट शिवायची म्हणून कुणी धुतलेलं पातळ नेसतं का? पायलटवर भाळलीय पोरगी, आणि बहिऱ्या भावाला नेते राखणीला! ती घरी येऊन आईजवळ रडली. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बोलू दे. ह्या बोलण्याआड दादा झाकला जातोय." तिचे डोळे पुसायलाही आई उठली नाही. त्या घरात नाव वाचवायचं होतं ते एकाचंच, आणि ते तिचं नव्हतं.

पुढच्या खेपेला तिनं पायलटला सांगितलं, "लोक म्हणतात, आपलं काहीतरी आहे."

"आहे?"

"लोक म्हणतात."

"एवढे सगळे लोक खोटं कशाला बोलतील?"

"मला... मला ते सोयीचं आहे." तिनं मान खाली घातली. "तुमच्या नावानं बदनाम झाले, तर दादाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी तुमचा वापर करतेय, पायलट."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. पण तो गाडीच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलला. त्याची आई अशीच घरातून चालत निघायची. कुठे, ते तिलाही ठाऊक नसायचं. तो लहानपणापासून तिच्या मागेमागे जायचा आणि हात धरून परत आणायचा. त्यांच्या गावाला अशी गाडी कधी येत नव्हती, आणि शेजाऱ्यांपासून लपवायला मात्र सगळ्यांना येत होतं. एका दुपारी त्याचा डोळा लागला.

"सापडल्या?"

"नाही. म्हणून तर गाडी चालवतो. रस्ते बघायला मिळतात." उठता उठता तो म्हणाला, "वापरा, टेलरबाई. मी काही झिजत नाही."

त्या दिवशी तिला कळून चुकलं, की जे सोंग म्हणून घेतलं होतं ते आता उतरणार नाही.

दादा सावरत होता. "तो अजून हाका मारतो," एका सकाळी तो स्वतःहून म्हणाला, "पण आता लांबून. गल्लीच्या त्या टोकावरून." आणि त्यानं तिच्याकडे चहा मागितला. कुणीतरी चहा मागणं एवढी साधी गोष्ट, पण आई आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

आणि मग ती दुपार आली.

आभाळ भरून आलं होतं, बारीक थेंब पडून दगडाच्या भुकटीचा चिखल होत होता. दादा आत डॉक्टरबाईंकडे होता. पायलटनं तिच्या डोक्यावर स्वतःची छत्री धरली होती, स्वतः भिजत होता, आणि ती त्याला छत्री नीट धरता येत नाही म्हणून हसत होती. तेवढ्यात वजनकाट्याच्या कोपऱ्यावर चहावाल्याची सून दिसली. हातात तेलाची रिकामी बरणी. डोळे आत गेलेले, केस कसेतरी बांधलेले. बाळंतपणानंतर मूल गेलं होतं तिचं, आणि त्यानंतर ती टपरीवर चहा द्यायची ती कुणाकडेही न बघता.

"कुठे निघालीस गं?" तिनं छत्रीखालून विचारलं. विचारायची सवयच लागली होती साऱ्या वस्तीला.

"तेल... तेल आणायला." सुनेनं गाडीकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं. "तुमचं चालू दे." एवढं म्हणून ती मागे वळली.

पायलट चार पावलं तिच्यामागे गेला. "वहिनी, या ना, डॉक्टरबाई आत्ता मोकळ्या होतील..." पण ती धावतच निघाली. आणि जिचा दादा त्याच क्षणी गाडीत बसलेला होता, ती मात्र जागची हलली नाही. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'मीही त्यासाठीच येते.' तेवढं वाक्य ती बोलली नाही, कारण त्या वाक्यात दादा होता.

त्याच आठवड्यात चहावाल्याची सून खाणीच्या पाण्यात सापडली. पाय घसरला, असं सगळ्यांनी ठरवलं.

तिनं मशीनवर कापड घेतलं की दोरा तुटायचा. सोंग इतकं बेमालूम वठलं होतं, की ज्या बाईला सोबत हवी होती तिला वाटलं, इथे वेडी मी एकटीच. बाकीचे प्रेमात पडायला येतात.

पुढच्या खेपेला गाडी वजनकाट्यामागे पोचलीच नाही. खाणीच्या मुकादमानं माणसं घेऊन ती भर रस्त्यातच अडवली. अर्धी वस्ती जमली. ती आणि दादा सीट घेऊन येत होते, ते तसेच गर्दीच्या कडेला थांबले.

"ही गाडी यायला लागल्यापासून अवदसा आलीय," मुकादम ओरडत होता. "आमच्याकडे कुणी वेडं नाही. गाडीचं निमित्त करून हा पायलट पोरीबाळींवर डोळा ठेवतो. खोटं वाटत असेल तर हिला विचारा!"

सगळ्या नजरा तिच्यावर आल्या. पायलटनंही पाहिलं. त्यानं एकच वाक्य बोलायचं होतं, 'ती भावाच्या औषधाला येते', आणि तो सुटला असता. नोकरी वाचली असती, नाव वाचलं असतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"चूक माझी आहे," तिला त्याचा आवाज ऐकू आला. "त्यांची काही नाही. मी पुढच्या खेपेपासून येणार नाही, वर तसं कळवा. पण गाडी बंद करू नका. हात जोडतो."

तिचे ओठ हलले. पण जे सांगायचं होतं ते तिचं नव्हतं, दादाचं होतं. तिनं वळून दादाकडे पाहिलं. दादाला घाम फुटला होता. त्यानं आपल्या बाजूचं टोक खाली ठेवलं, तिच्या हातातून दुसरं टोक घेऊन तेही खाली ठेवलं, आणि भर रस्त्यात त्या सीटवर बसला.

"माझा कान गेलेला नाही," दादा म्हणाला. "उलट मला जास्त ऐकू येतं."

कुणी हसलं नाही.

"तो हाका मारतो मला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला पाहिलंय, डबा घ्यायला गेला तो. दिवसभर हाका मारतो. गोळी घेतली की लांब जातो. माझी बहीण माझ्यासाठी येते इथे. तुम्ही तिला काय काय बोललात, ते मी घरातून ऐकलंय. कान शाबूत आहेत माझे."

"डोकं फिरलंय ह्याचं," मुकादम म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

"हो," दादा म्हणाला. "तेच सांगतोय."

ती पुढे झाली आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.  गर्दीतून चहावाला पुढे आला. म्हातारा एका आठवड्यात दहा वर्षांनी वाकला होता. तो दादासमोर थांबला, त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"औषध असतं यावर?" त्यानं विचारलं.



"बाबा," ती म्हणाली, "ती आली होती गाडीपर्यंत. मला बघून परत गेली. मी तिला... मी खरं सांगितलं नाही."

चहावाल्यानं ऐकलं. तिला वाटलं, हा आता आपल्या थोबाडीत मारेल, आणि मारावीच. पण तो फक्त म्हणाला, "बरणी घेऊन गेली होती. घरात तेल भरलेलं होतं. मी पाहिलं आणि विचारलं नाही." मग डॉक्टरबाईंनी त्याला हाताला धरून गाडीत नेलं. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

पुढचे दिवस काही गोड गेले नाहीत. बायकांनी अर्धवट शिवलेली कापडं परत नेली. दारावर एकदोनदा दगड आले, तेव्हा आई म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? आणि तरीही संध्याकाळी तिनं स्वतःच खिडकीचा पडदा काढून धुवायला टाकला. गाडी येत राहिली. तिच्यापुढे उघडपणे बसणारी माणसं आधी मोजकी होती, मग वाढली. पण वरच्या साहेबांनी तक्रार ऐकली ती ऐकलीच. पायलटची बदली दुसऱ्या रस्त्यावर झाली. निरोप घ्यायलाही तो आला नाही. नवा ड्रायव्हर पोक्त गृहस्थ होता, सीट अगदी जपायचा. ती दर खेपेला शिवणीवरून बोट फिरवून पाही. एक टाकासुद्धा उसवलेला नसे, आणि तिला रडू येई.

गाडी यायचा दिवस नव्हता त्या दुपारी ती उघड्या खिडकीत मशीन चालवत होती. वस्तीच्या टोकाला बस थांबून गेली. रस्त्याच्या मधोमध कुणीतरी चालत येत होतं. तिचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

तो खिडकीपाशी येऊन उभा राहिला. अंगावर गाडीचा गणवेश नव्हता. त्यामुळे थोडा कुणीतरी दुसराच वाटत होता... आणि दोन्ही हात मोकळे सोडलेले.

"काय आणलंत?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"काही नाही."

"सीट?"

"सीट गाडीची होती. मी बसनं आलोय."

"मग रिकाम्या हातानं कसे आलात? वाटेत कुणी विचारलं असतं म्हणजे?"

"विचारलं ना. मुकादमानंच विचारलं, कुठे निघालास म्हणून."

"काय सांगितलंत?"

"खरं ते." त्यानं पहिल्यांदाच रस्त्यावरची नजर काढून नुसती तिच्यावर ठेवली. "म्हटलं, टेलरबाईंना भेटायला. माझं प्रेम आहे त्यांच्यावर. त्या नाही म्हणाल्या, तर संध्याकाळच्या बसनं परत जाईन."

आतून दादा खाकरला. "मला ऐकू येतंय हं," तो म्हणाला, आणि आई त्याला गप्प बस म्हणाली.

ती हसली आणि हसता हसता डोळे भरून आले. तिला वाटलं दार आतून लावून घ्यावं, कोपऱ्यात बसावं आणि हे सगळं एकटीनं पुन्हा पुन्हा आठवावं. पण लपवून ठेवलेल्या गोष्टीचं काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. ती उठली आणि कडी काढून बाहेर आली.

"चला."

"कुठे?"

"चहावाल्याकडे. सगळ्यांसमोर बसू. संध्याकाळची बस काही तुम्हाला मिळत नाही."

टपरीवरची माणसं बोलायची थांबली. ती बाकावर बसली, आणि पायलट तिच्या शेजारी, मध्ये वीतभर जागा ठेवून. चहावाल्यानं दोन कप समोर ठेवले. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःचाही कप भरून तो समोरच्या पाटावर टेकला. सून गेल्यापासून त्याला टपरीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"तिलाही असं कुणीतरी जवळ बसवून घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. "नुसतं बसवायचं. बोलायलाच हवं होतं असं नाही."

खाणीत भोंगा वाजला. तिनं सवयीनं घराकडे पाहिलं. दादा उघड्या खिडकीत उभा होता, हात चौकटीवर घट्ट, डोळे मिटलेले, पण उभा होता. इकडे बाकावर पायलटचा हात वीतभर जागा ओलांडून आला आणि तिच्या टोचलेल्या बोटांवर थांबला. सगळी वस्ती बघत होती. तिनं हात काढून घेतला नाही.